फीट यादीत नाही, मग दाखला कशाचा? एका तरुणीच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्यातलं आहे. दिव्यांगांच्या कागदपत्रांसाठी आम्ही काही जण मदत करतो, त्यातून ते आमच्याकडे आलं. मुलीच्या आणि तिच्या आईच्या संमतीने लिहितो आहे. गाव, दवाखाना, नावं काढून टाकली आहेत. मुलीला इथे ताई म्हटलं आहे.

ताई चोवीस वर्षांची. चार वर्षांची असताना तिला टीबीचा मेंदूज्वर झाला. महिनाभर सरकारी दवाखान्यात होती. जीव वाचला, पण डावा हात कमजोर राहिला. पुढे सात-आठ वर्षांची असताना पहिली फीट आली. गावात कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी अंगारा दिला. आईने मात्र तिला सिव्हिलला नेलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

शाळा आठवीत सुटली. वर्गात फीट आली, पोरांनी नाकाला चप्पल लावली, दातात चमचा घातला. "बरी झाली की पाठवा," असा शाळेतून निरोप आला. बरी होण्याची वाट बघण्यात वर्षं गेली. खरं तर फीट आलेल्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला करायची आणि तोंडात काहीही घालायचं नाही, एवढं वर्गातल्या एकाला माहीत असतं तर कदाचित शाळा सुटली नसती. फीट पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली तर मात्र थेट दवाखाना.

आम्ही घरी गेलो तेव्हा ताई भाकरी करत होती. उजव्या हाताने पीठ मळताना परात सरकू नये म्हणून ती गुडघ्याने दाबून धरत होती. गोळ्यांची पट्टी दाताने फाडायची, कारण डाव्या हाताच्या चिमटीत ती धरता येत नाही. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण आहे. चुलीसमोर फीट आली, त्या वेळचा. फेनिटॉइन ही फीटची गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने हिरड्या वाढल्यात, म्हणून हसताना ओढणी तोंडावर धरते.

वडील नाहीत. आई शेतमजुरी करते. भाऊ पुण्यात कंपनीत कंत्राटावर आहे, त्याचं रेशनकार्ड वेगळं. ताईला घरात एकटीला ठेवता येत नाही, म्हणून ज्या दिवशी शेजारची बाई घरी नसेल त्या दिवशी आईची मजुरी बुडते. फीट महिन्यातून दोनदा-तीनदाच येते, पण धाक रोजचा असतो.

पहिला अर्ज का फेटाळला गेला

रेशनच्या दुकानात आईला कळलं की अपंगाचा दाखला काढला की "निराधारचा पगार" सुरू होतो. २०२४ च्या अखेरीस दोघी तालुक्याच्या नेट कॅफेत गेल्या. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, ऑनलाइन अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. कॅफेतल्या पोराने "काय होतं?" विचारलं. आई म्हणाली, "फीट येती." यादीत फीट नव्हती. त्याने जवळचं वाटलं ते निवडलं: मानसिक आजार.

त्यामुळे जिल्हा रुग्णालयात ताई मनोविकारतज्ज्ञांसमोर गेली. त्यांनी नीट तपासलं आणि मानसिक आजार नाही असं लिहिलं. अर्ज नाकारला गेला. कुणीतरी जाता जाता सांगितलं, "फीट यादीत नाही, मावशी." आईच्या मनात एवढंच राहिलं की सरकार फीटवाल्यांना काही देत नाही.

हे अर्धं खरं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि त्यात फीट नावाने नाही. 'दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार' (मेंदू आणि मज्जातंतूंचे आजार) असा गट आहे, त्यात उदाहरण म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन दिले आहेत. फीट हा चेतासंस्थेचाच दीर्घकालीन आजार आहे, तो या गटात धरावा, असं माझं ठाम मत आहे. पण दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे प्रश्न टक्केवारीचा येतो. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. आम्ही ज्या न्यूरॉलॉजिस्टना विचारलं ते म्हणाले, "हात किती उचलला जातो ते समोर मोजता येतं. महिन्यात किती फीट येतात ते समोर बघता येत नाही." फीट नसते तेव्हा माणूस धडधाकट दिसतो, आणि बोर्ड नेमकं तेव्हाच त्याला बघतं.

समोर असलेले पर्याय

कायद्याच्या कलम ५९ खाली प्रमाणपत्राच्या निर्णयावर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. आई अपिलाला तयार होती, तिला राग आला होता. पण निर्णयाचा कागद वाचला तेव्हा दिसलं की डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. मानसिक आजार आहे का? नाही. चूक प्रश्नात होती. अपिलात भांडायला काही नव्हतं, उलट महिने गेले असते. म्हणून अपील सोडलं.

दुसरा रस्ता संजय गांधी निराधार अनुदान योजनेतला, म्हणजे आईने ऐकलेल्या "निराधारच्या पगाराचा". त्यात दिव्यांगांखेरीज क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग यांसारख्या दुर्धर आजारांनी चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांनाही जागा आहे. फीटचं नाव तिथेही नाही. तालुक्याची समिती कशी वाचेल यावर सगळं अवलंबून. शिवाय त्यातून मिळालं तर फक्त अनुदान मिळणार, दिव्यांग म्हणून बाकीचे हक्क नाहीत. हा रस्ता राखून ठेवला.

तिसरा रस्ता एजंटचा. "पन्नास टक्क्याचं कार्ड करून देतो" म्हणणारा माणूस त्यांच्या दारात येऊन गेला होता. आईने शेळी विकायची तयारी केली होती. खोटा दाखला पडताळणीत उघड झाला तर पैसे परत मागतात, गुन्हाही दाखल होतो, आणि मग खऱ्या हातालाही कुणी खरं मानत नाही. हे समजावल्यावर शेळी वाचली.

चौथा रस्ता म्हणजे नव्याने अर्ज, पण फीटचा नाही. मेंदूज्वराने आणि फीटने मागे जे ठेवलं त्याचा: डावा हात आणि शिकण्या-समजण्यातला मंदपणा. या दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत होत्या, पण तक्रार म्हणून कुणी कधी सांगितल्याच नव्हत्या. हात "लहानपणापासून तसाच" होता आणि ताई "साधी" होती. केस पेपरवर दरवेळी एकच ओळ: फीटचा जुना रुग्ण, गोळ्या चालू ठेवा.

आम्ही हाच रस्ता धरला.

मामांचा सल्ला

या टप्प्यावर ताईचे मामा आले. माणूस प्रेमळ, भाचीसाठी जीव टाकणारा. त्यांचं म्हणणं, "बोर्डाच्या आधी चार दिवस गोळ्या बंद ठेवा. डॉक्टरांसमोरच फीट आली म्हणजे त्यांना कळंल." असा सल्ला याआधीही ऐकला आहे. दर वेळी तो हताश झालेल्या घरातूनच आलेला असतो.

याला आम्ही पर्याय मानलंच नाही. फीटच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर एकामागून एक फीट येत राहू शकतात, मधे शुद्ध येत नाही, आणि त्यात माणूस दगावू शकतो. शिवाय बोर्डासमोर फीट आली तर ताईला कॅज्युअल्टीत नेतील आणि तपासणी पुढे ढकलतील. टक्के त्याने वाढत नाहीत.

मामांना नुसतं "नको" म्हणून भागलं नसतं. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर दुसरं काय करता येईल, ते सांगावं लागलं. एक साधं कॅलेंडर भिंतीला लावलं. फीट आली की त्या तारखेवर आईने गोल करायचा आणि किती वेळ चालली ते कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. मामांनी त्यांच्या फोनवर एका फीटचा व्हिडिओ घेतला. हा व्हिडिओ पुढे कामाला आला, पण बोर्डापुढे नव्हे.

कागद गोळा करताना

मेंदूज्वराचं डिस्चार्ज कार्ड सापडणं सगळ्यात अवघड होईल असं वाटलं होतं. ते पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिकांखाली प्लास्टिकच्या पिशवीत निघालं. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण दवाखान्याचा एकही कागद तिने टाकला नव्हता. वीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्डावर डाव्या बाजूच्या अशक्तपणाची नोंद होती. हात जन्मापासून "तसाच" नव्हता, याचा तो पुरावा.

शाळेतून पहिली ते आठवीचे निकाल काढले. वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत एमआरआय झाला, त्यात जुन्या आजाराच्या खुणा दिसल्या. कॅलेंडर आणि व्हिडिओ पाहून तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलायचं ठरवलं. फेनिटॉइन हळूहळू कमी करून लेव्हेटिरासिटॅम सुरू केली. मुलगी लग्नाच्या वयाची आहे, म्हणून व्हॅल्प्रोएट टाळतो, हेही त्यांनी आईला सांगितलं. ती गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते. इतकी वर्षं गोळ्यांबद्दल एवढं कुणी बोललंच नव्हतं. दाखल्याच्या निमित्ताने उपचार सुधारला. प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, असं मला वाटतं.

लग्नाचा विषय निघालाच. आईला भीती की कार्ड निघालं तर स्थळ येणार नाही आणि लग्न झालं तरी टिकणार नाही. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फीटचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. एवढ्या एका कारणावर लग्न रद्द होत नाही. पण लपवून लग्न केलं तर मुलगी सासरी गोळ्या चोरून घेते किंवा घेतच नाही, हे आम्ही पाहिलं आहे. निर्णय ताईवर सोडला. ती म्हणाली, "कार्ड काढा. फीट आली की कळणारच हाय की."

आईची मुलाखत आणि बोर्ड

नवा अर्ज बहुविकलांगतेचा, म्हणजे एकाहून जास्त दिव्यांगत्वांचा, केला. हाताची तपासणी सरळ झाली. अस्थिरोगतज्ज्ञांनी ताकद पाहिली, बटण लावायला सांगितलं, तांब्या उचलायला लावला. ३० टक्के.

बुद्धिमत्तेच्या तपासणीत मात्र प्रकरण अडलं असतं. या तपासणीत नुसतं कोडी सोडवायला देत नाहीत. व्यक्ती रोजच्या व्यवहारात काय काय करू शकते, हे घरच्या माणसाला विचारतात आणि त्यावरून सामाजिक परिपक्वतेचा गुणांक काढतात. सगळी भिस्त आईच्या उत्तरांवर.

पहिल्या प्रश्नापासून आई म्हणायला लागली, "सगळं करती हो मॅडम. स्वयंपाक, धुणं, भांडी, समदं." खोटं बोलत नव्हती. चारचौघांत लेकीला कमी लेखायचं नाही, ही वर्षानुवर्षांची सवय. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी हात थांबवला आणि प्रश्न फिरवला. "परवा दुकानात एकटी गेली होती का?" नाही. "पन्नासची नोट दिली तर परत किती आणायचे ते कळतं?" आईने ताईकडे पाहिलं, ताईने खाली. "न्हाई कळत." "दुसऱ्या गावाला एसटीने एकटी जाते?" "जाऊ देत न्हाई, फीट आली तर?"

इथे मॅडमनी एक फरक केला आणि तो योग्य होता. जमत नाही म्हणून न जाणं वेगळं आणि भीतीने जाऊ न देणं वेगळं. एसटीचा मुद्दा त्यांनी कमतरतेत धरला नाही, सुट्या पैशांचा धरला. गुणांक सीमारेषेवरच्या गटात आला. दिव्यांगत्व मोजण्याच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत त्या गटाला २५ टक्के आहेत.

तीस आणि पंचवीस. दोन्ही चाळीसच्या खाली. आईला वाटलं, पुन्हा संपलं.

दोन दिव्यांगत्वं एकत्र असली की टक्के सरळ बेरजेने मिळवत नाहीत, सूत्राने मिळवतात. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही भाग घालायचा: नव्वदमधून मोठा आकडा वजा करा, त्याला लहान आकड्याने गुणा, नव्वदने भागा. इथे ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले २५, भागिले ९०, म्हणजे साधारण १६.७. ते तिसात मिळवले की ४६.७. कार्डावर ४७ टक्के आले, कायमस्वरूपी. हाताचा एकट्याचा अर्ज केला असता तर ताई तिसावर अडकली असती. सगळं प्रकरण बहुविकलांगतेच्या त्या एका निवडीवर उभं होतं.

पैशांचा हिशेब

कार्ड हातात आलं आणि नवा पेच समोर आला. ताईला 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये मिळत होते. संजय गांधी योजनेचेही तेव्हा १५००. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त घेणाऱ्या बाईला 'लाडकी बहीण' मिळत नाही. म्हणजे एवढ्या खटपटीनंतर एक पगार बंद करून तेवढाच दुसरा सुरू करायचा. भाऊ फोनवर म्हणाला, "मग केलं कशाला हे सगळं?" प्रश्न रास्त होता.

तेव्हा निराधारचा अर्ज न करता थांबायचं ठरलं. चालू पैसे बंद पाडून नव्याची वाट बघणं या घराला परवडलं नसतं. कार्डाचा उपयोग आधी इतर गोष्टींसाठी केला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, पण दिव्यांग सवलत ७५ टक्के आहे. ओपीडीच्या फेऱ्यांना ते जाणवतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यासाठी ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. गावाकडून अशा अर्जाला शिलाई मशीन मिळण्याचा रिवाज आहे. एका हाताच्या मुलीला शिलाई मशीन काय कामाचं? आम्ही गॅसची शेगडी मागितली. भाजलेल्या हाताचा फोटो सोबत जोडला.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने संजय गांधी योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान १५०० वरून २५०० केलं, ऑक्टोबरपासून. आता हिशेब बदलला आणि अर्ज केला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे. तलाठी भावाचा पगार धरायला निघाले होते. वेगळं रेशनकार्ड आणि भावाचा पुण्याचा भाडेकरार दाखवल्यावर मायलेकींचा स्वतंत्र उत्पन्नाचा दाखला मिळाला. समितीने अर्ज मंजूर केला. पहिला हप्ता अडकला, कारण आधार दुसऱ्याच बँक खात्याला जोडलेलं होतं. ते दुरुस्त झालं.

आज

गोळ्या बदलल्यापासून फीट कमी झाल्या आहेत. कॅलेंडरचं एक अख्खं पान कोरं गेलं तेव्हा आईने आनंदाआधी काळजीनेच विचारलं, "फीट थांबल्या तर कार्ड काढून घेतील का?"

नाही. कार्ड हातावर आणि समजण्यातल्या अडचणीवर दिलेलं आहे, फीटवर नाही. फीट पूर्ण थांबल्या तरी ते राहतं. पगार टिकावा म्हणून आजारी राहायची पाळी ताईवर येणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला अर्ज करण्याआधी कुणीतरी ताईला फक्त पाहायला हवं होतं. परात कशी धरते, पट्टी कशी फाडते. ते आशाताई करू शकतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर करू शकतात. केस पेपरवर "फीट" एवढंच लिहिण्याऐवजी सोबत डाव्या हाताची एक ओळ असती तर नेट कॅफेतल्या पोरालाही योग्य खाना सापडला असता. दिव्यांगत्वाचा प्रकार नेट कॅफेत ठरू नये. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून, कागदावर लिहून न्यावा.

निराधारच्या अर्जासाठी थांबण्याचा निर्णय त्या वेळी बरोबर होता, असं अजूनही वाटतं. पण उत्पन्नाचा दाखला आणि आधारची जोडणी थांबलेल्या काळातच करून ठेवता आली असती. हप्ता अडकला नसता.

आणि आईला मुलाखतीची कल्पना आधी द्यायला हवी होती का? यावर आमच्यात दुमत झालं. उत्तरं पढवली तर ती खोट्याच्या जवळ जातात. पण "लेकीचं कौतुक इथे नको, जे खरं आहे ते सांगा," एवढं सांगणं म्हणजे पढवणं नव्हे, असं मला वाटतं. त्या दिवशी मॅडम अनुभवी होत्या, म्हणून निभावलं.

ज्याला हा रस्ता नाही

त्याच गावात एक मुलगा आहे, बावीस वर्षांचा. फीट आठवड्याला येते. हात-पाय ठणठणीत, बारावी झालेला, हुशार. गाडीचा परवाना काढता येत नाही, कारण अर्जाच्या पहिल्याच नमुन्यात फीट येते का ते विचारतात आणि तो खोटं लिहायला तयार नाही. कारखान्यात यंत्रावर उभं करत नाहीत. दोन दुकानांतून फीट आल्यावर काढून टाकलं. ताईपेक्षा त्याचा आजार जोरदार आहे आणि त्याला अजून एक टक्काही मिळालेला नाही.

त्याच्यासाठी यूडीआयडीचा अर्ज दीर्घकालीन चेतासंस्थेच्या आजारांच्या गटात केला आहे. बोर्डाने नाकारलं तर तो कागद घेऊन कलम ५९ खाली अपील करायचं, कारण इथे प्रश्न योग्य विचारलेला असेल. संजय गांधी योजनेचा अर्ज दुर्धर आजाराखाली वेगळा दिला आहे. त्याला न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणि दोन्ही दुकानदारांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या जोडल्या आहेत. समितीची बैठक अजून व्हायची आहे.